पडताना कोणी पाहिलं?

"तोरा हातातून पडलीच, तर पाहणाऱ्याने उपास धरायचा. सबबी सांगायच्या नाहीत," असं सासरे आम्हा ज्यूंच्या या धर्मग्रंथाबद्दल बजावत. मी त्यांना तसं वचन दिलं होतं.

आज सिनेगॉगमध्ये सगळे अदबीने उभे होते. अध्यक्षांनी तोराची पवित्र गुंडाळी एका हाताने कवटाळली, दुसऱ्याने फोटोवाल्याला खूण केली आणि गुंडाळी धाडकन जमिनीवर आली.

"त्यांचा पाय सतरंजीत अडकला," वकील म्हणाले.

"छे हो, डावा हात सुटला! मी समोरच होतो," डॉक्टर म्हणाले.

म्हाताऱ्या धर्मगुरूंनी गुंडाळी उचलली, तिच्या मखमलीला ओठ टेकले आणि म्हणाले, "ज्यांनी पाहिलं, त्यांनी उद्या उपास करायचा."

"माझे तर डोळे मिटले होते," सगळ्यांत आधी अध्यक्ष म्हणाले. मग वकिलांचे मिटले होते, डॉक्टरांचेही. बघता बघता सगळ्या पुरुषांचे मिटले.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "मीही काही पाहिलं नाही बुवा. आणि तुला बायकांच्या सज्जातून, त्या जाळीआडून काय दिसणार?"

मी उद्याच्या भाताचे तांदूळ काढले होते. त्यातली माझी मूठ परत डब्यात टाकली.