पूर्वेची खोली

स्वयंपाकघरात ऊन एकदम येत नसे. आधी ते समोरच्या टेकडीच्या कडेवर थबके, मग भट्टीवाल्याच्या धुराड्यावरून घसरत अंगणात उतरे, आणि तिथून, आत येऊ का असे विचारल्यासारखे, उंबरा ओलांडून लांबलचक लाकडी टेबलाच्या टोकाशी येऊन बसे. टेबलावर सांडलेले पीठ त्यात उजळे. दुधाच्या किटलीचे झाकण चमके. मग ते सावकाश सरकत आईच्या हातांपर्यंत पोचे. मनगटापर्यंत पिठात बुडालेले ते सुरकुतलेले हात क्षणभर कोणत्याही वयाचे वाटत नसत. हे पाहण्यासाठीच तो रोज सर्वांच्या आधी खाली येई.

आज मात्र त्याचे उन्हाकडे लक्ष नव्हते. काल संध्याकाळी दादाने अंगणात गाठून सांगितले होते, "पूर्वेची खोली उद्या सकाळी रिकामी कर. पाहुणे यायचेत."

आता कांद्यांची टोपली पुढ्यात ओढून तो सोलायला बसला.

"आज कांदा सोलायच्या आधीच डोळ्यांत पाणी?" वहिनी अंड्यांची टोपली घेऊन आत आली.

"झोप झाली नाही."

"खोली सोडायची म्हणून? अहो भावजी, राजवाडा नाही सुटत तुमचा."

"तू जरा गप्प बस गं," आई म्हणाली. तिने मळलेल्या पिठावर ओले फडके टाकले.

वहिनी हसत बाहेर गेली. या घराचे नाव लांबवर झाले होते ते या स्वयंपाकघरामुळे. अंडी गावाच्या टोकाकडच्या घरातून येत, पाव भट्टीवरून, भाज्या उताराखालच्या शेतांतून. कुणाचा मध, कुणाचे लोणी. सारे गाव या एका टेबलावर जगत होते. आणि आईचा नियम असा, की टेबलाशी बसला तो घरचा. त्याने कांदे सोलावेत, भांडी विसळावीत, वहिनीची थट्टा सोसावी. गावातले सगळेच तिला आई म्हणत. तो हाक मारी तेव्हा मात्र ती मान थोडी अधिक वळवते, असे त्याला वाटे.

शहरातून तो आला त्या दिवशी तिने दारातच त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता. "किती वाळलास रे," ती म्हणाली होती. तेवढ्यावर त्याच्या मनातला कितीतरी दिवसांचा गाळ हलला होता.

"आई, मी कुठे जाऊ?"

"असं काय विचारतोस बाळा? तुझं सगळं शहरात आहे."

"तिथे काही नाही."

"कुणीतरी वाट बघत असेलच की."

"नाही."

तिने त्याच्याकडे पाहिले, मग चुलीकडे. दूध वर येत होते. तिने भांडे उतरवले.

"मला खोली नको," तो घाईने म्हणाला. "मी माळ्यावर झोपेन. पहाटे पाव आणेन. दादाला सांग ना."

"त्याच्या मनात काही नसतं रे. बोलणं तेवढं तोडून टाकल्यासारखं."

"मग सांगशील?"

"आधी खाऊन घे."

तो नकार नव्हता. त्याने कांदे भराभर सोलले.

हळूहळू माणसे खाली उतरली, टेबल भरले. एका गृहस्थाने पावाचा तुकडा उन्हात धरून फोटो काढला, त्याच्या बायकोने लोणी दुसऱ्यांदा मागितले आणि वर "अगदी घरच्यासारखं!" असेही म्हटले. त्याला तिची कीव आली. ही माणसे चव घेऊन जातील आणि आठवड्याभरात विसरतील. घर म्हणजे काय, हे त्यांना कुठून कळावे? तो उठला आणि कुणी न सांगता त्यांच्या बश्या उचलू लागला.

तेवढ्यात दादा जिना उतरून आला. दादाच्या हातात याची बॅग होती, नीट भरलेली.

"गाडी उभी आहे."

"माझ्या सामानाला हात कुणी लावायला सांगितला?" त्याने बश्या छातीशी धरल्या. "आई मला ठेवून घेणार आहे. विचार तिला."

दादाने आईकडे पाहिले. लोणी मागणारी बाई मान खाली घालून पाव कुरतडू लागली.

"आई, सांग ना. मी या घरचा नाही का?"

आईने हात पुसले. एकेक बोट, सावकाश. मग ती जवळ आली आणि तिने त्याच्या हातातल्या बश्या काढून घेतल्या.

"ऐका," ती म्हणाली.

ती कुणाशी बोलते आहे हे पाहण्यासाठी त्याने मागे वळून पाहिले. मागे भिंत होती.

"तुम्ही असं केलंत, तर उद्या दारात येणाऱ्याला जवळ घेताना माझा हात थरथरेल. तसं करू नका."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तो तिथेच बसून राहिला असता. त्याने बॅग घेतली आणि उंबरा ओलांडला. गाडीचे दार उघडेच होते. आत बसल्यावर त्याने डोळे मिटून घेतले, पण आता स्वतःला फसवून उपयोग नव्हता. तो इथे सुट्टीपुरता राहायला आलेला पाहुणा होता. त्याची आई शहरात होती, एकटी.