सरळ रस्त्यापुरतं

"गाडी विकायची नाही हं! मला एकदा तिच्यावरून तळ्यापर्यंत जायचंय." अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बोलता यायला लागलं, तेव्हा यांचं पहिलं वाक्य हेच. मीही "नेते" म्हणून शब्द देऊन बसले. तेव्हापासून यांच्या जिवाला चैन नाही. सारखं खिडकीशी बसायचं, उजव्या हाताची मूठ वळवून बघायची आणि वळली नाही की माझ्यावर डाफरायचं.

शेवटी एकदा सकाळची प्रार्थना आटोपून मी आमची जुनी मोटारसायकल गॅरेजात नेली. म्हटलं, हिला क्रूझ कंट्रोल बसवून दे.

मेकॅनिक हसला. "काकू, म्हाताऱ्या घोडीला नवा लगाम कशाला? एकदा वेग ठरवला की मूठ सोडली तरी गाडी पळत राहते, ते खरं. पण काकांच्या उजव्या हातात जोर नाही, मग ब्रेक कसा दाबणार? जिवाशी खेळ आहे. मी नाही बसवणार!"

"चालवणार मी आहे रे. हे मागे बसणार."

"मग तर प्रश्नच मिटला. तुमचे हात ठणठणीत आहेत की!"

"आहेत ना. तू बसव."



तळ्याकडचा सरळ रस्ता लागला, तसं मी बटण दाबलं, मूठ सोडली आणि माझ्या कमरेवरून निसटू लागलेला यांचा उजवा हात घट्ट धरून ठेवला.