फळ्यावरचं उत्तर

"दोघांचंही उत्तर चुकलंय, आणि चूकही अगदी एकच. बघून लिहिल्याशिवाय असं होतं का?" संजीवनी मॅडमनी आठवीच्या सगळ्या वर्गासमोर विचारलं.

छकुली आणि संदेश खाली मान घालून उभे राहिले. चाचणीतलं गणित भागाकाराचं होतं. अवयव पाडायचे, दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचा, अंश-छेदातले सारखे अवयव काटायचे. दोघांनी सगळं काटलं होतं आणि खाली शून्य लिहिलं होतं. यायला हवा होता एक. मॅडमनी दोघांना भोपळा दिला आणि उरलेला तास वर्गाबाहेर उभं केलं.

दुसऱ्या दिवशी छकुलीचे वडील बिरदेव एमआयडीसीतली शिफ्ट संपवून थेट शाळेत आले. अंगावर कंपनीचा शर्ट, हातात मुलीची वही.

"मॅडम, शेळगाव सोडून जळोचीत ऱ्हायलो ते हिच्या शाळंपायी. कालपास्नं पोरगी जेवंना. म्हणती, वहीत हाय तेच लिवलं. मला ह्यातलं काय कळत न्हाय, तुमीच बघा."

मॅडमनी वही उघडली. तसंच गणित, तसेच काटलेले अवयव. खाली शून्य. शेजारी लाल शाईत बरोबरची खूण, आणि त्यांचीच सही.

शिकवताना, घंटा व्हायच्या घाईत फळ्यावर शून्य त्यांनीच लिहिलं होतं. त्यांचे कान तापले.

"चूक माझी आहे, बिरदेवराव." त्यांना वर बघवेना.

"मग तेवढं वर्गात सांगा," बिरदेव हळूच म्हणाले. "तुमी तितंच बोलला व्हता न्हवं."

पुढच्या सकाळी मॅडम वर्गात उभ्या राहिल्या. हातातला खडू त्यांनी दोनदा टेबलावर ठेवला, दोनदा उचलला.

"सगळे अवयव काटले गेले की एक उरतो. मी शून्य लिहिलं होतं. छकुली, संदेश, माझं चुकलं."

छकुलीनं डोळे पुसले. मॅडमना जरा हलकं वाटलं. मग एकदम काहीतरी खटकलं.

"पण बाकी सगळ्यांचं उत्तर बरोबर कसं आलं?"

 वर्गात नेहमी पहिली येणारी स्वरदा उठली.

"आम्ही बाहेर क्लासला जातो, मॅडम. ते दोघंच जात नाहीत."

"मग फळ्यावर चुकलंय, हे त्याच दिवशी सांगायचं ना मला!"

"आम्हाला कुठं माहीत होतं, मॅडम?" स्वरदा ओशाळून म्हणाली. "तुमच्या तासाला फळ्याकडं फक्त ते दोघंच बघतात."