मूळ भाषेतली कथा

सरांनी तिचं वाक्य जसंच्या तसं उच्चारलं आणि सभागृहात टाळ्या पडल्या.

‘जुन्या गुन्हेकथेत बाई एक तर प्रेत असते, नाही तर आमिष. नव्या कथेत छडा लावणारी तीच, आणि कधी कधी गुन्हा करणारीही तीच.’

मागच्या रांगेत तिची कानशिलं तापली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून हे वाक्य तिने कितीदा खोडलं होतं, पुन्हा लिहिलं होतं. सर तिचे मार्गदर्शक. तिच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण त्यांच्याकडे ‘तपासायला’ होतं. त्याचं आज व्याख्यान झालं होतं, आणि तिचं नाव त्यात औषधालाही नव्हतं.

‘हे तुझंच ना गं?’ शेजारी बसलेल्या ताईने विचारलं. ताई घरीच कपडे शिवायची. धाकट्या बहिणीचं प्रत्येक पान आधी तिलाच ऐकावं लागे.

‘माझंच.’

‘मग ऊठ की!’

‘थांब जरा. तिसरी कथा येऊ दे.’

पहिलं प्रकरण असंच गेलं होतं. सरांच्या नावाने एका मासिकात छापून आलं. तिने विचारलं तेव्हा ते प्रेमाने हसले होते. ‘अगं, संशोधनात तुझं-माझं असं काही असतं का?’ ती गप्प बसली. पदवी त्यांच्या सहीवर अडकली होती.

दुसरं प्रकरण देताना मात्र तिने एक उद्योग केला. त्यात तीन आधुनिक नॉयर, म्हणजे काळोख्या वळणाच्या गुन्हेकथांची तुलना होती, तिन्हींच्या मध्यभागी एकेक बाई. दोन कथा खऱ्या होत्या. तिसरी जगात कुठेच नव्हती. तिचं कथानक तिने मनाने रचलं, लेखिकेचं परदेशी नाव ताईच्या शिलाई मशीनवरून उचललं आणि कागद सरांच्या हातात दिले. ‘ही कुठे मिळाली तुला? मला वाचायला दे,’ एवढं जरी ते म्हणाले असते, तरी तिने सगळं कबूल करून ती पानं काढून टाकली असती. खरं तर ती त्या प्रश्नाची वाटच बघत होती. सरांनी तो विचारलाच नाही.

व्यासपीठावर सर रंगात आले होते. पहिल्या कथेतली टॅक्सीवाली दोन टोळ्यांना एकमेकींच्या अंगावर घालून निसटते. दुसरीतल्या विधवेला नवऱ्याचा खुनी सापडतो, पण ती पोलिसांकडे जात नाही. मनातून तिला त्याचे उपकारच वाटत असतात. आणि तिसरीतली एका उंच इमारतीत लिफ्ट चालवते. खुनी एकटाच आत येतो. ती दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट बंद करते आणि स्टुलावर शांत बसून राहते.

‘पहिल्या दोघी सुटायला बघतात,’ सर म्हणाले. ‘ही एकटीच समोरच्याला अडकवते. तिघींत श्रेष्ठ ही! मी ही कथा मूळ भाषेत वाचली आहे. अनुवादात तिची धार बोथट होते.’

ताईने तोंडावर हात दाबला.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. ती उभी राहिली.

‘सर, लिफ्ट बंद केल्यावर ती त्याला काय म्हणते?’

सरांनी तिला ओळखलं. क्षणभर त्यांची नजर दाराकडे गेली. मग ते सावरून हसले. ‘काहीच नाही. तिचं मौन हेच तिचं शस्त्र. मूळ कथेतला शेवटचा परिच्छेद वाचलात तर कळेल.’

‘मूळ कथा नाहीच आहे, सर. आणि मूळ भाषा आपलीच आहे. ते कथानक मी रचलं. तुम्हाला तपासायला दिलेल्या प्रकरणात घातलं.’

सभागृहातल्या माना तिच्याकडे वळल्या. ‘ही माझी विद्यार्थिनी,’ सर घाईघाईने म्हणाले, ‘सध्या जरा ताणाखाली आहे.’

‘तिचं राहू द्या,’ अध्यक्षस्थानी बसलेल्या बाई बोलल्या. त्या एका कथामासिकाच्या संपादक होत्या आणि विद्यापीठाच्या संशोधन समितीवरही. ‘ही कथा कुठल्या पुस्तकात आहे, तेवढं सांगा. तुम्ही वाचलीय ना?’

सरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

‘आणि लेखिकेचं नाव आमच्या शिलाई मशीनवर आहे हो!’ ताई उठून ओरडली. ‘हवं तर येऊन बघा!’

आधी एक हसला, मग रांगच्या रांग हसली. सरांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

बाहेर व्हरांड्यात ती भिंतीला टेकून उभी होती. बाई तिला शोधत आल्या.

‘नवा मार्गदर्शक मिळेल तुम्हाला. उद्या मी स्वतः विभागप्रमुखांना भेटते. पहिल्या प्रकरणाचंही बघू.’ त्या जायला वळल्या आणि थांबल्या. ‘पण एका बाबतीत तुमच्या सरांचं चुकलं नाही. तिन्हींत तिसरीच श्रेष्ठ आहे. माझ्या पुढच्या अंकाला ती हवी.’

‘पण बाई, ती लिहिलेलीच नाही!’

बाई काही बोलायच्या आत ताईने तिच्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली.

‘कधीपर्यंत हवीय, तेवढं सांगा बाई,’ ताई म्हणाली. ‘तोवर घरात मशीनची खडखड बंद.’