आईचा दिवस

१९४६ सालची गोष्ट. अ‍ॅमस्टरडॅमला आमच्या गल्लीत तेव्हा मोजकीच ज्यू घरं पुन्हा उघडली होती. त्यांतल्या कोकरनोटांच्या स्वयंपाकघरात आमचे धर्मगुरू रब्बी पोलाक बसले होते. समोर राइना आणि तिचा धाकटा भाऊ मेयर.

राइना वसंतात बोटीनं पॅलेस्टाईनमधल्या हैफाला निघायची होती. त्याआधी तिला, नाझींनी गाडीत घालून नेलेल्या आईच्या मरणाचा दिवस ठरवून हवा होता. कुठंही असले तरी दोघांनी दरवर्षी एकाच दिवशी मेणबत्ती लावावी, मेयरनं प्रार्थना म्हणावी, एवढंच तिचं मागणं.

"त्रेचाळीसच्या जुलैतली मंगळवारची गाडी," रब्बी म्हणाले. "शुक्रवारी पोलंडात पोचली. त्याच दिवशी... तोच शुक्रवार धरा."

"जुलैत?" मेयर म्हणाला. "रब्बी, इतकी वर्षं आईकडून आंबवलेल्या काकड्या नेल्यात ना तुम्ही? जुलैत पिंपं भरायची असायची. तिला जेवायला फुरसत नसायची, मरायला कुठली?"

"मेयर, शहाण्यासारखं बोल."

"शहाण्यासारखंच बोलतोय. उद्या ती दारात उभी राहिली तर? मेणबत्ती बघून काय म्हणेल?"

"आधी तुझ्या कानाखाली वाजवेल, मग माझ्या," राइना म्हणाली. "मग फुंकर मारून सांगेल, उरलेली नीट ठेवा, फुकट मिळत नाही."

रब्बींना हसू आलं. मेयरलाही आलं, आणि मग ते हसू राहिलं नाही. राइनानं त्याचं डोकं आपल्या खांद्याशी दाबून धरलं.

डोकं वर करून तो म्हणाला, "हनुक्का सणाचे दिवे संपले की दुसऱ्या दिवशी? डिसेंबरात? तोवर पिंपं रिकामी होतात. जरा टेकते ती."

राइनानं मनाशी जुलै ते डिसेंबर महिने मोजले, आईला मिळणारे. तिनं रब्बींकडे पाहिलं. रब्बींना त्या गाड्यांचं सगळं ठाऊक होतं. त्यांची बायकोही त्याच उन्हाळ्यात गेली होती.

"दिवस माहीत नसला, की घरच्यांनी ठरवायचा," ते म्हणाले. "आणि तुम्हांला तो माहीत नाही."

रब्बी पोलाक पुढं अँटवर्पला गेले, तिथंच वारले. राइनानं हैफात एका सुताराशी लग्न केलं, तीन मुलगे वाढवले. मेयर मागंच राहिला. त्यानं बाजारात पुन्हा काकड्यांची गाडी लावली.

१९६८ साली राइना त्याला भेटायला आली. हनुक्का संपला. दुसऱ्या दिवशी तिनं मेणबत्ती लावली. मेयरनं लावली नाही.

"माझ्या मेणबत्तीला अजून तीन आठवडे आहेत," तो म्हणाला. "मी दरवर्षी एक दिवस पुढं ढकलतो."

"वेड्या! अशानं आई आपल्या दोघांपेक्षा जास्त जगेल."

"मग जगू दे की," मेयर म्हणाला.