चंद्रीचं करडू

टणकन वाटी लवंडली. सकाळपासून शेडमध्ये कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, त्या एवढ्याशा आवाजानं तिघंही दचकली. चंद्री शेळीनं परत लाथ झाडली होती.

चंद्री पहाटे व्यायली, पण करडू मेलेलंच निघालं. त्याच पहाटे शेजारच्या बनाबाईची शेळी वितानाच गेली आणि तिचं करडू मागं राहिलं. बनाबाईनं ते पदरात घालून आणून दिलं होतं. पण चंद्री त्याला जवळ येऊ देईना आणि वाटीतलं दूध त्याच्या घशाखाली उतरेना. पवित्राच्या मांडीवर ते नुसतं थरथरत होतं.

"संध्याकाळपतुर काय टिकत न्हाई हे," पवित्रा म्हणाली. "अवो, बघा की कायतरी."

तिचा नवरा शशिधर फियाटच्या बॉनेटखाली निम्मा आत गेलेला. उचगावच्या या शेडमध्ये एका बाजूला शेळ्या आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या वडिलांची ती जुनी गाडी. लेक गिरिजा जन्मली त्या वर्षापासून बंद पडलेली. आता पोर पाच वर्षांची झाली, या दसऱ्याला तिला याच गाडीतून अंबाबाईला न्यायचं, म्हणून तो गाडीच्या मागं हात धुऊन लागला होता. गंज खरवडला, इंजिन उतरवलं, चढवलं. फक्त मागच्या सीटचा विषय काढला की म्हणायचा, "ती ऱ्हाऊ दे. शेवटाला करू."

तो हात पुसत आला. मेलेलं करडू ज्या फडक्यानं पुसलं होतं ते त्यानं उचललं, बनाबाईच्या करडाला अंगभर चोळलं आणि तेच त्याच्या पाठीवर बांधलं. मग करडू चंद्रीपुढं सोडलं.

चंद्रीनं हुंगलं. परत हुंगलं. मग घशातल्या घशात हुंकारत ती त्याला चाटायला लागली. करडू आचळाला लागलं.

"फसली की ओ," पवित्रा डोळे पुसत हसली.

शशिधर हसला नाही. "फसली न्हाई. तिला पाहिजेच हुतं."

"मीबी वासावरनंच वळखलं हुतं हिला." तिनं गिरिजाला जवळ ओढलं. "बाळंत झाल्यावर दोन दिवस नुसता ताप, शुद्ध न्हाई. डोळं उघडलं तर कुशीत ही, मी शिवलेल्या पिवळ्या पातळाच्या दुपट्यात. तुमी पायाशी बसलेला. मुरगूडला आत्याला आणायला हीच गाडी घेऊन गेलता म्हणं, आणि आलासा एकटंच."

"आत्याला सवड नव्हती," तो म्हणाला आणि डबा उचलून पेट्रोल आणायला बाहेर पडला.

करडू चुटुचुटु पीत होतं. पवित्राचं मन भरून आलं होतं. माणूस एवढा राबतोय, तो यायच्या आत निदान सीट तरी धुऊन ठेवावी, असं तिला वाटलं. मायलेकींनी जोर लावून मागची सीट उचकटली. खाली उंदरांनी कुरतडलेला काथ्या, एक गंजलेला पाना, आणि कोपऱ्यात दाबून कोंबलेलं एक कापड.

पुसायला बरं होईल म्हणून तिनं ते उलगडलं.

जाडंभरडं हिरवं लुगडं, चौकोनी फाडलेलं. तान्ह्या बाळाला गुंडाळण्याएवढं. कडेनं हातशिलाईचे बारीक टाके. ते टाके तिचे नव्हते. असलं लुगडं त्यांच्या घरात कुणी नेसत नव्हतं. मधे वाळून काळा पडलेला डाग, आणि घडीत बाळाच्या मनगटाला बांधतात तसला काळा दोरा. कापून काढलेला.

दारात सावली पडली. शशिधर परत आला होता. त्यानं डबा हळूच खाली ठेवला.

"अवो, हे..." तिनं कापड त्याच्यापुढं धरलं.

ते काय आहे, असं त्यानं विचारलं नाही. तो खाली मान घालून उभा राहिला.

गिरिजानं तिच्या हातातलं ते हिरवं कापड नाकाला लावलं, चंद्रीसारखं हुंगलं आणि मागं वळून शेळीकडं बघितलं. पाठीवर फडकं बांधलेलं ते करडू अजून पीतच होतं.

"आई, मग चंद्रीचं खरं करडू कुठं हाय?"