बटणवाल्या मावशींचं शटर

जुन्या बाजारपेठेचं रूप पालटायचं म्हणून नगरपालिकेनं दुकानदारांना चोरीपासून बचावासाठी शटर-कॅमेऱ्यांचे पैसे द्यायचं काढलं, तेव्हा बटणं विकणाऱ्या मावशींनाही हायसं वाटलं. लेकीचे दिवस भरत आले होते, आणि दुकानाचं दार इतकं कुजलेलं की मावशी रात्रीही आतच राखण करत. पण नगरपालिकेच्या साहेबांनी त्यांचा अर्ज परत केला.

"मावशी, तुमच्याकडे एकदाही चोरी झालेली नाही. नियमात बसत नाही."

"मी इथं ठाण मांडून बसते म्हणून झाली नाही. डुलक्या काढल्या असत्या तर बसले असते होय नियमात?"

साहेब शेजारच्या सोनाराकडे वळले. त्याच्याकडे तीनदा चोरी झाली होती आणि तिन्ही वेळा गडी आत घोरत होता. त्याला शटर मिळालं, वर चार कॅमेरे.

पंधरा दिवसांनी साहेब भला मोठा टीव्ही घेऊन मावशींच्या दारात हजर. "सगळ्या दुकानांचे कॅमेरे यावर दिसतात. पण बघणार कोण? सगळ्यांनी तुमचंच नाव सुचवलंय."

"ठेवा की. मी उद्या लेकीच्या बाळंतपणाला निघालेय, आल्यावर बघीन. फक्त हे दार मांजरानं ढकललं तरी उघडतं. सरकारी टीव्ही गेला तर माझ्या नावानं बोंबलू नका."

साहेबांनी दाराला बोट लावून पाहिलं. मग पायरीवर बसून नवा अर्ज काढला आणि 'झालेल्या चोऱ्या' या रकान्यात लिहिलं, 'लवकरच.'